घरपोच युरीन कल्चर, ठाणे : यंत्राला पैकीच्या पैकी, डबीच्या प्रवासाला काठावर पास

सेवा : लघवीचं कल्चर (जिवाणू वाढवून ओळखणं) आणि सेन्सिटिव्हिटी (त्यांवर कोणतं औषध चालतं ते पाहणं), नमुना घरून नेणार
भाग : ठाणे शहर, घोडबंदर रोड, खाडीपलीकडे ऐरोली ते नेरुळ
खर्च : साधारण 500 ते 1,200 रुपये, घरी येण्याचे बहुधा वेगळे
रिपोर्ट : 48 ते 72 तासांत

उन्हाळी लागली की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. पहिल्या दिवशी धणे-जिऱ्याचं पाणी, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, चौथ्या दिवशी डॉक्टर आणि सहाव्या दिवशी कल्चर. कल्चर शेवटी येतं तिथेच ते निम्मं वाया जातं. उरलेलं निम्मं ती डबी घरून लॅबपर्यंत कशी जाते यावर ठरतं. म्हणून हे परीक्षण यंत्रांचं कमी आणि डबीचं जास्त आहे.

लॅबचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, कारण साखळी लॅबची पद्धत साधारण एकसारखीच असते. अॅपवर वेळ निवडायची. सकाळी सहा-सातला मुलगा येतो, डबी घेतो, पुढच्या आठ-दहा घरांतलं रक्त घेतो. सगळं केंद्रावर जमा होतं आणि तिथून गाडी मुख्य लॅबकडे निघते. ठाण्याच्या बाबतीत ही लॅब बऱ्याचदा ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा मुंबईत असते. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, एचबीए1सी यांना ही पद्धत छान चालते. नळीतलं थायरॉइडचं हार्मोन वाटेत वाढत नाही. लघवीतले जिवाणू मात्र वाटेत वाढतात, आणि कल्चरमध्ये नेमके तेच मोजायचे असतात.

हिशोब करून पाहा. सगळं मनासारखं मिळालं तर ई. कोलाय हा उन्हाळीचा नेहमीचा जिवाणू सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. डबी बंद करताना एका मिलिलिटरमध्ये हजार जिवाणू होते असं धरा. तेवढे तर त्वचेवरून, योनिमार्गाजवळूनही पडू शकतात. सात वेळा दुप्पट झाले की ते एक लाख अठ्ठावीस हजार होतात. सात वेळा दुप्पट व्हायला लागतात दोन तास वीस मिनिटं. एक लाख ही कल्चरची जुनी, प्रसिद्ध सीमारेषा आहे. एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरांनी 1950च्या दशकात ती मांडली. म्हणजे ज्याला संसर्गच नाही त्याचाही रिपोर्ट निव्वळ प्रवासामुळे 'एक लाखाहून अधिक' येऊ शकतो. प्रत्यक्षात वाढ इतक्या शिस्तीत होत नाही, सुरुवातीला जिवाणू थोडे रेंगाळतात. पण मे महिन्यात बाइकच्या मागच्या काळ्या पेटीत दुपारी अकराला काय तापमान असतं ते ठाणेकरांना सांगायला नको.

नियम साधा आहे. नमुना दिल्यापासून दोन तासांच्या आत तो जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरला गेला पाहिजे (यालाच प्लेटिंग म्हणतात). ते जमणार नसेल तर लगेच 4 अंशांच्या आसपास थंड करून ठेवायचा, मग 24 तासांपर्यंत चालतो. तिसरा मार्ग बोरिक अॅसिडच्या नळीचा. त्यात जिवाणू मरत नाहीत, वाढायचेही थांबतात, आणि नमुना फ्रीजशिवाय 24 ते 48 तास टिकतो. या नळीला एक अट आहे : रेघेपर्यंत भरायची. अर्धीच भरली तर बोरिक अॅसिड जास्त तीव्र होतं, जिवाणूंनाच मारायला लागतं, आणि संसर्ग असूनही 'नो ग्रोथ' येतं.

आता कासारवडवलीहून सकाळी साडेसहाला निघालेल्या डबीचा रस्ता पाहा. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मधली आठ घरं, केंद्रावर थांबा, मग कळवा-विटाव्यामार्गे किंवा मुलुंड-ऐरोली पुलावरून पलीकडे. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की तो दिवस गेलाच म्हणायचा. डबी बर्फात असेल तर काही बिघडत नाही, फक्त उशीर होतो. बर्फात नसेल तर रिपोर्ट येतो, पण तो रुग्णाच्या मूत्राशयाबद्दल सांगतो की घोडबंदरच्या वाहतुकीबद्दल, हे कोणालाच ठरवता येत नाही.

म्हणून बुकिंगच्या फोनवर तीनच प्रश्न विचारायचे. कल्चरचा नमुना आइसपॅकमध्ये जातो का? डबी घेतल्यापासून किती तासांत प्लेटिंग होतं? बोरिक अॅसिडची नळी मिळेल का? 'मॅडम, आमची एनएबीएल लॅब आहे' (एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) हे तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. पहिल्या प्रश्नालाच समोरचा अडखळला तर घरपोच सेवा रक्तासाठी ठेवा आणि लघवीची डबी स्वतः नेऊन द्या. हेच या सेवेबद्दलचं मुख्य मत.

दारात आलेल्या मुलाच्या हातात काय आहे तेही बघा. कल्चरची डबी स्वतंत्र सीलबंद पाकिटात असते, झाकण फिरकीचं असतं, आणि निर्जंतुक असल्याचा उल्लेख व मुदतीची तारीख छापलेली असते. दाबून बसवायच्या झाकणाची, पिशवीत वीस एकत्र कोंबलेल्यांपैकी एक डबी काढून दिली तर ती साध्या लघवी तपासणीसाठी आहे. रुटीन आणि कल्चर दोन्ही सांगितलेलं असेल तर दोन डब्या घ्या. एकच असेल तर आधी कल्चरचं प्लेटिंग आणि मग त्यातून रुटीन, हा क्रम लॅबने पाळायला हवा. उलटं झालं की ती डबी दहा हातांनी उघडून झालेली असते.

नमुना घेण्याची कृती छापील पत्रकात दोन ओळींत उरकलेली असते, आणि कल्चर बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण तिथेच आहे. रात्रभर साठलेली, निदान चार तास मूत्राशयात राहिलेली लघवी सगळ्यात चांगली. आधी साबणाने हात धुवायचे. मग जागा साध्या पाण्याने, पुढून मागे अशी धुऊन स्वच्छ टिपायची. डेटॉल, सॅव्हलॉन वापरायचं नाही. त्याचे थेंब डबीत गेले की जिवाणू मरतात. बायकांनी दोन्ही ओठ बोटांनी बाजूला धरून, पुरुषांनी पुढची त्वचा मागे घेऊन पहिली धार कमोडमध्ये सोडायची. धार न थांबवता मधली 20 ते 30 मिलि डबीत घ्यायची, उरलेली पुन्हा कमोडमध्ये. डबी शरीराला टेकवायची नाही, आत बोट घालायचं नाही, झाकण बेसिनच्या कडेवर पालथं ठेवायचं नाही. ते उताणं ठेवा किंवा दुसऱ्या हातात धरा. जेटचा पाइप त्या क्षणी दूरच बरा. डबीवर (झाकणावर नव्हे) नाव आणि घड्याळातली वेळ लिहायची. ती वेळ लिहिली की पुढचा हिशोब कोणालाही मांडता येतो, आणि लॅबलाही ते ठाऊक असतं.

डबी न्यायला माणूस अर्ध्या तासात येणार नसेल तर डबी झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या आतल्या फळीवर ठेवा. दारात ठेवली तर दर वेळी दार उघडताना ती कोमट होते. दह्याच्या भांड्याशेजारी लघवीची डबी बघून घरात कुरकुर होईल, ती एक दिवस सहन करा. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका, गोठलेला नमुना कल्चरला निकामी.

नमुन्याआधी दोन लिटर पाणी पिऊन 'सगळं धुऊन काढणं' हीसुद्धा घरोघरची चूक. लघवी इतकी पातळ होते की जिवाणूंची संख्या पडते. धणे-जिऱ्याचं पाणी नमुना देऊन झाल्यावर हवं तेवढं प्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा. एका मात्रेनेही लघवीतले जिवाणू काही तासांत इतके कमी होऊ शकतात की प्लेट कोरी राहते, आणि मग जळजळ कायम, पस सेल्स (पूच्या पेशी) 40-50 आणि कल्चर 'नो ग्रोथ' असं कोडं हातात येतं. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीच्या बाजूला दुखणं, उलट्या किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर मात्र रिपोर्टची वाट बघत घरी बसायचं नसतं. डॉक्टरांकडे जाऊन नमुना द्यायचा आणि ते सांगतील ते औषध त्याच दिवशी सुरू करायचं.

तान्ह्या बाळांना चिकटवायची पिशवी काही सेवा देतात. रुटीनला चालेल, कल्चरला नको. पिशवीत त्वचेवरचे आणि शीचे जिवाणू पडतातच. पिशवीचं कल्चर निर्जंतुक आलं तर संसर्ग नाही एवढं कळतं, वाढ दिसली तर काहीच कळत नाही. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर घरपोच सेवेचा सरळ गोंधळ होतो. युरोबॅगच्या तळाची तोटी उघडून डबी भरली जाते. त्या पिशवीत लघवी तासन्तास साठलेली असते, ती म्हणजे जिवाणूंचं घरचंच विरजण. नमुना नळीवरच्या पोर्टमधून, स्पिरिटने पुसून, सिरिंजने घ्यायचा असतो. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी बदलायची आणि नव्या नळीतून घ्यायचा, कारण जुन्या नळीच्या आत बसलेला जिवाणूंचा थर मूत्राशयाची खरी बातमी देत नाही.

लॅबमध्ये पोचल्यावर मात्र तक्रारीला जागा कमी. एक मायक्रोलिटरच्या ठरावीक कडीने, म्हणजे लूपने, नमुना सीएलईडी नावाच्या किंवा रंग दाखवणाऱ्या क्रोमोजेनिक प्लेटवर पसरतात आणि 35 ते 37 अंशांवर 18 ते 24 तास ठेवतात. एक वसाहत (प्लेटवर वाढलेला जिवाणूंचा ठिपका) म्हणजे मिलिलिटरमागे हजार जिवाणू, शंभर वसाहती म्हणजे एक लाख. सीएलईडीवर ई. कोलायच्या वसाहती पिवळ्या दिसतात. प्रोटियस नावाचा जिवाणू एरवी प्लेटभर पसरतो, तोही तिथे जागेवर बसतो. दुसऱ्या दिवशी त्यातली वसाहत घेऊन 0.5 मॅकफार्लंड (गढूळपणाचं ठरलेलं माप) एवढं गढूळ द्रावण करतात. ते म्यूलर-हिंटन नावाच्या दुसऱ्या प्लेटवर पसरून औषधांच्या चकत्या ठेवतात, किंवा व्हायटेकसारख्या यंत्राच्या कार्डात भरतात. चकत्यांना आणखी 16 ते 18 तास लागतात, यंत्राला थोडे कमी. म्हणून खरा, पूर्ण रिपोर्ट दुसऱ्या दिवसाच्या रात्रीच्या आत क्वचितच येतो. '24 तासांत कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी' अशी जाहिरात दिसली तर वाढ कधी पाहिली आणि औषधांची परीक्षा कधी घेतली, हे विचारा. रविवारी सूक्ष्मजीवतज्ज्ञ नसेल तर शनिवारचा नमुना मंगळवारी मिळतो. त्यात लबाडी काही नाही, फक्त नमुना सोमवार ते गुरुवार द्यायचा.

आता रिपोर्ट. ठाण्यात हातात पडणाऱ्या कागदाचा एक सर्वसाधारण नमुना घेऊ. ई. कोलाय, एक लाखाहून अधिक. ईएसबीएल पॉझिटिव्ह. सिप्रोफ्लॉक्सासिन 4 किंवा अधिक, आर (म्हणजे औषध चालत नाही). सेफ्ट्रायॅक्सोन 64 किंवा अधिक, आर. अमिकासिन 8, एस (म्हणजे चालतं). मेरोपेनेम 0.25 किंवा कमी, एस. नायट्रोफ्युरॅन्टॉइन 16 किंवा कमी, एस. फॉस्फोमायसिन 16 किंवा कमी, एस. हा कागद हाती आला की घरातले लोक बोटाने आकडे चाचपतात आणि सगळ्यात लहान आकडा शोधतात : मेरोपेनेम 0.25, म्हणजे हेच सगळ्यात जोरदार. ही वाचण्याची पद्धत साफ चुकीची. तो आकडा म्हणजे जिवाणूची वाढ थांबवायला लागणारं त्या औषधाचं कमीत कमी प्रमाण, मायक्रोग्रॅम प्रति मिलिमध्ये. प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी. मेरोपेनेमला 1 पर्यंत एस धरतात, नायट्रोफ्युरॅन्टॉइनला 32 पर्यंत, फॉस्फोमायसिनला 64 पर्यंत. किलो आणि लिटर एकमेकांशी लावण्यातला हा प्रकार. या कागदावर साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला पोटातून घ्यायची दोन औषधं शिल्लक आहेत, आणि सुईने द्यायच्या मेरोपेनेमला हात लावायची गरज नाही, हे त्यातलं खरं वाचन.

ईएसबीएल हा शब्द बघून लोक घाबरतात. ते जिवाणूचं नाव नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या बहुतेक औषधांचं मधलं कडं तोडणारं ते विकर (एन्झाइम) आहे. भारतात त्याचा सीटीएक्स-एम-15 हा प्रकार जास्त आढळतो. त्याचं जनुक प्लास्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर बसलेलं असतं आणि एक जिवाणू ते शेजारच्याला देऊन टाकतो. त्याच प्लास्मिडवर बऱ्याचदा जेन्टामायसिन आणि कोट्रायमोक्झाझोलविरुद्धची जनुकंही असतात. म्हणून खोकल्यासाठी घेतलेल्या सेफिक्झिमने (तेही सेफॅलोस्पोरिनच) आतड्यातले नेमके हे सगळं सामान बाळगणारे जिवाणू मागे उरतात आणि सहा महिन्यांनी तेच मूत्रमार्गात चढतात. सिप्रोचं बिघडणं वेगळ्या वाटेने होतं. तिथे औषध ज्या विकराला पकडतं त्याच्याच जनुकांत, गायरए (gyrA) आणि पारसी (parC) यांमध्ये, बदल होतात. सेफिक्झिम 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच1मध्ये आहे. चिठ्ठी पाहून, रजिस्टरमध्ये नोंद करून द्यायचं आणि ती नोंद तीन वर्षं ठेवायची, असा नियम. लाल चौकटीतली ती सूचना पाकिटावर असते. गल्लीतल्या काउंटरवर ती किती जण वाचतात हा प्रश्न निराळा. पोटासाठी म्हणून मिळणारी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी उन्हाळीसाठीही दिली जाते. त्यातल्या ऑर्निडाझोलचा ई. कोलायशी काही संबंध नाही, ते वेगळ्याच जिवाणूंचं औषध.

नायट्रोफ्युरॅन्टॉइन 1953 पासून वापरात आहे, तरी अजून टिकून आहे. ते जिवाणूच्या आत अनेक ठिकाणी एकदम घाव घालतं, त्यामुळे एखाद्या बदलाने त्यातून सुटका होत नाही. रक्तात आणि ऊतींत ते फारसं साठत नाही, लघवीतच उतरतं; मूत्रपिंडाच्या संसर्गात ते चालत नाही तेही याचमुळे. जेवणाबरोबर घ्यायचं, लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरायचं नाही. मूत्रपिंडाचं काम फार कमी झालेल्यांना, बाळंतपणाच्या तोंडावर आणि जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना डॉक्टर ते टाळतात. इथे आपल्याकडची एक खास गडबड आहे. जळजळ कमी व्हावी म्हणून सायट्रेटचं सिरप सोबत दिलं जातं. त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि नायट्रोफ्युरॅन्टॉइनची धार आम्ल लघवीतच नीट चालते. दोन्ही एका चिठ्ठीवर दिसली तर डॉक्टरांना विचारायला संकोच नको. फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच, रात्री झोपताना, लघवी करून आल्यावर घेतात, म्हणजे ती रात्रभर मूत्राशयात राहते.

रिपोर्टची परीक्षा घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि बहुतेक सेवा यांतल्या एखाद-दोन ठिकाणी तरी घसरतात. तळाशी 'सीएलएसआय एम100'ची (एस आणि आरच्या सीमा ठरवणारं अमेरिकी मानक) कोणती आवृत्ती वापरली ते लिहिलेलं असावं. हे मानक दर वर्षी नवं निघतं. वर अमिकासिन 8 पुढे एस लिहिलं होतं, आठवतं? 2023च्या बदलानंतर एस फक्त 4 पर्यंत, 8 म्हणजे मधलं, 16 म्हणजे आर. तेच 16 जुन्या पट्टीवर एस होतं. सिप्रोची पट्टी 2019मध्ये बदलली : आधी 1 पर्यंत एस, आता 0.25 पर्यंतच. यंत्र नवंकोरं असतं, सॉफ्टवेअर जुनं राहतं, आणि नापास औषधाला पासचा शिक्का मिळतो.

कोलिस्टिन या राखीव औषधापुढे 'एस' दिसलं तर तोही जुनेपणाचा पुरावा. सीएलएसआयने 2020मध्ये कोलिस्टिनमधला एस काढूनच टाकला, आता फक्त मधलं आणि आर. चकतीने कोलिस्टिन तपासायचंच नसतं. तो रेणू जाडजूड, प्लेटवरच्या जेलीत (अगारमध्ये) नीट पसरत नाही. क्लेब्सिएला या जिवाणूपुढे फॉस्फोमायसिन 'एस' लिहिलेलं असेल तर तेही शंकास्पद. क्लेब्सिएलाकडे या औषधाला निकामी करणारं जनुक जन्मजात असतं आणि ही सीमारेषा मुळात ई. कोलायसाठी ठरवलेली आहे. प्रोटियसपुढे नायट्रोफ्युरॅन्टॉइन 'एस' म्हणजे उघड चूक, प्रोटियसचा या औषधाला जन्मजात विरोध आहे. लघवीच्या रिपोर्टमध्ये टायगेसायक्लिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन असली नावं असतील तर ती ओळ सोडून द्या, ती औषधं लघवीत पुरेशी उतरतच नाहीत.

आणि यादीची लांबी. पंचवीस-तीस औषधांची दोन पानी यादी बघून पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. चांगली लॅब उलट करते. साधी औषधं चालत असतील तर मेरोपेनेम, कोलिस्टिन कागदावर आणतच नाही; तपासते, पण झाकून ठेवते. कागदावर दिसलेलं औषध लिहिलं जातं हा मनुष्यस्वभाव आहे. आठ-दहा औषधांचा आणि खाली सूक्ष्मजीवतज्ज्ञाच्या दोन ओळींच्या शेऱ्याचा रिपोर्ट आला तर ती लॅब धरून ठेवा. घरपोच सेवांच्या कागदांवर तो शेरा क्वचितच दिसतो, आणि दिसलाच तर सगळ्यांना तोच छापील मजकूर.

एनएबीएलच्या शिक्क्याबद्दल एक बारीक गोष्ट. मान्यता लॅबला मिळते तशी ती एकेका तपासणीला मिळते. साखर, थायरॉइडला मान्यता आणि कल्चरला नाही असं असू शकतं. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबच्या मान्यतेची व्याप्ती पाहता येते. त्यात कल्चर व सेन्सिटिव्हिटी आहे का बघा.

'मिक्स्ड ग्रोथ, तीन प्रकारचे जिवाणू, नमुना पुन्हा पाठवा' असा रिपोर्ट आला की ग्राहक भडकतात आणि एक तारा देतात. खरं तर ही प्रामाणिक लॅबची खूण. तीन-तीन प्रकार एकदम म्हणजे बहुतेक वेळा बाहेरची भेसळ. त्या तिघांची सेन्सिटिव्हिटी लावून देणारी लॅब ग्राहकाला खूश करते आणि डॉक्टरला भरकटवते. उलट, लक्षणं असलेल्या बाईचा रिपोर्ट 'दहा हजार, ई. कोलाय' असा आला तर एक लाख भरले नाहीत म्हणून तो निकाली काढणंही चूक. अशा वेळी शंभर ते हजारचा आकडाही खरा असू शकतो. म्हणून बुकिंग करताना लक्षणं काय, ताप आहे का, गोळ्या चालू आहेत का हे अर्जात लिहिलं पाहिजे. अॅपवर त्यासाठी रकानाच नसतो. ही या सेवेची सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होणारी उणीव.

पर्याय काय? स्वतःचं कल्चर स्वतःच्या जागेत लावणारी लॅब पायी किंवा रिक्षाने पंधरा मिनिटांत असेल तर तीच बरी, मग तिच्याकडे अॅप नसलं आणि रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर वाकडा फोटो होऊन आला तरी. 'कल्चर इथेच लागतं की बाहेर जातं?' एवढं काउंटरवर विचारायचं. नौपाड्यात किंवा वाशीत पाटीवर लॅब लिहिलेली प्रत्येक जागा लॅब नसते, काही नुसती संकलन केंद्रं असतात. मोठ्या रुग्णालयांचा पर्याय आहेच. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, नेरुळला डी. वाय. पाटील, कामोठ्याला एमजीएम. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. रांग असते, पण डबी त्याच आवारात पोचते.

घरपोच सेवेला गुण द्यायचे तर यंत्र आणि जिवाणूची ओळख पटवणं 5 पैकी 5, रिपोर्टची मांडणी 3, वाहतूक 2. बर्फाची पेटी आणि डबीवर वेळ असेल तर तो 2 लगेच 4 होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ही सेवा वरदानच आहे, त्यांनी बोरिक अॅसिडची नळी मागून घ्यावी.

विकत घेऊ नये अशा दोन गोष्टी याच अॅपवर असतात. एक म्हणजे फुल बॉडी चेकअपमध्ये घुसवलेलं युरीन कल्चर. लक्षणं नसताना लघवीत जिवाणू सापडणं वयस्कर बायकांमध्ये, मधुमेहींमध्ये अगदी सामान्य आहे. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचे रुग्ण सोडले तर त्यावर औषध द्यायचं नसतं. रिपोर्ट हातात आला की मात्र ते दिलं जातं. दुसरी म्हणजे 'फॉलो-अप कल्चर, 30 टक्के सूट'. जळजळ थांबली, ताप नाही, गरोदर नाही, तर पुन्हा कल्चर करून काही मिळत नाही.

त्यापेक्षा एक फुकटची सोय आहे, जी अॅपवर कुठे लिहिलेली नसते. पुष्कळ लॅब वाढवलेला जिवाणू काही दिवस जपून ठेवतात. डॉक्टरांना हवं असलेलं एखादं औषध रिपोर्टमध्ये नसेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत नमुन्याचा क्रमांक सांगून थेट सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला फोन करायचा. झाकून ठेवलेला निकाल बऱ्याचदा फोनवरच मिळतो, नाहीतर त्याच जिवाणूवर नवी चकती लावून दुसऱ्या दिवशी कळवतात. कस्टमर केअरला फोन केलात तर ते नवा नमुना द्यायला सांगतील.